नांगराची निशाणी, बांगडीची निशाणी

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून वंशवृक्षाची एक ठरावीक तऱ्हा आढळते. मुळाशी एखादा शिलेदार, नाही तर दामाजीरावांच्या फौजेमागोमाग आलेला एखादा कारकून. त्याच्यापासून वर मुलगे, नातू, पणतू. आणि प्रत्येक वर्तुळात एकच नाव, तेही पुरुषाचे. जो गुजरातेत आला त्याचे नाव ठळक. त्याचा जो भाऊ मागे दख्खनेत राहिला आणि औत हाकीत राहिला, त्याची फांदी एकदोन पिढ्यांत ‘निर्वंश’ असा शेरा मारून, किंवा तोही न मारता, छाटलेली असते. वास्तविक ती माणसे निर्वंश झालेली नव्हती. दोन्ही घरांचा पत्रव्यवहार तेवढा थांबला होता.

असल्या विसरलेल्या फांदीचा शोध खुद्द बडोदे संस्थानाला एकदा घ्यावा लागला, हे येथील वाचकांना सांगावयास नकोच. एप्रिल १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले, आणि खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांच्या दत्तकासाठी गायकवाडांच्या दूरच्या शाखा हुडकण्याची वेळ आली. तेव्हा मालेगावाजवळच्या कवळाणे गावी शेतीवर गुजराण करणारे काशीराव आणि उमाबाई हे जोडपे एकदम इतिहासाच्या उजेडात आले. त्यांचा ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला मुलगा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तक गेला व सयाजीराव झाला. पुढची हकीकत आपल्याला पाठ आहे. पण त्या दोघांची? काशीरावांच्या नावापुढे १८३२ ते १८७७ असे सन छापलेले आढळतात. उमाबाईंच्या पुढे बहुधा काहीच नाही, नुसते नाव. राजाच्या जन्मदात्रीची ही कथा, तर आपल्या कुणबी पणजीला कोण विचारतो!

तरीही शोध सोडावा असे मला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातले शेतकरी जोडपे कागदांत सापडते. मात्र नवरा-बायको सहसा एका कागदात सापडत नाहीत, ही खरी अडचण आहे. नवरा सापडतो शेतसाऱ्यात. बायको सापडते कर्जात, वैधव्यात आणि तीर्थाच्या ठिकाणी.

नवऱ्याचे काम त्या मानाने सोपे. इंग्रजी मुलखात १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जी नवी मोजणी सुरू केली, तिच्यात शेताचा एक नंबर म्हणजे साधारण एका बैलजोडीने वाहवेल एवढी जमीन, असा हिशेब धरला होता. मातीची खोली, रंग आणि चोपण-खडकाळपणासारखे दोष पाहून तिची प्रत आण्यांत ठरत असे, आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला जाई. तेव्हा पणजोबांचा सर्व्हे नंबर आणि गावचा आकारबंद हाती आला, की नुसते नाव मिळत नाही, माणसाची परिस्थिती मिळते. जमीन आठआणी की चौदाआणी, विहिरीवर मोट होती की सारी भिस्त पावसावर, बैलांची एक जोडी पुरत होती की सावड करावी लागत होती, हे आपण बऱ्यापैकी ओळखू शकतो. हे शोधताना जिल्ह्यांच्या अदलाबदलीचे भान मात्र ठेवावे. मालेगाव १८६९ पर्यंत खानदेशात होते, त्यानंतर नाशिक जिल्ह्यात आले. अशा गावाचे जुने कागद आजच्या जिल्ह्यातच असतील असे धरून चालू नये.

मोजणीदाराने बैल धरले, माती धरली, खातेदार धरला. पेरणीच्या वेळी पाभरीमागून चालत चाड्यावर मूठ धरणारी बाई त्याच्या एकाही रकान्यात बसत नव्हती. मूठ सैल पडली तर बी दाट पडते, आखडली तर तास रिकामे जाते. वर्षाचे पीक त्या मुठीवर अवलंबून. त्या मुठीचा हिशेब कोणी ठेवला नाही.

ती बाई मला भेटली ती निराळ्याच ठिकाणी. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक मोडी कागद तीन पिढ्या ‘जमिनीचा जुना कागद’ एवढ्याच ओळखीवर जपलेला होता. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडून तो वाचून घेतला, तेव्हा ते गहाणखत निघाले. शेवटी दोन निशाण्या होत्या. एक नांगर, वेडावाकडा, पण ओळखू येईल असा. आणि त्याच्याखाली एक लहानसे वर्तुळ. ते वर्तुळ म्हणजे बांगडी. ज्यांना सही येत नसे त्यांनी अशी निशाणी करावी, आणि लिहिणाऱ्याने शेजारी नाव घालावे, अशी रीत होती. कुणब्याचा नांगर, आणि बाई कोणत्याही घरची असो, तिची बांगडी. पुरुषाच्या नावात ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावात ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आमच्या वंशवृक्षात ज्या वर्तुळात पणजोबा एकटेच बसले होते, त्यांच्या शेजारची जागा त्या बांगडीने भरली. नावे येथे देत नाही, ती घरापुरती. नवऱ्यामागे बायकोने अन्नवस्त्राची तक्रार करू नये म्हणून सावकाराने तिलाही कागदात ओवले असावे. हेतू कोणताही असो, त्याच्या सावधपणामुळे आमच्या पणजीचे नाव राहिले, हे उपकार मानावेत की काय, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

यातच एक विचित्र गोष्ट आहे. १२ मे १८७५ रोजी, म्हणजे बडोद्याच्या दत्तविधानाच्या अवघे पंधरा दिवस आधी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि पुढे आसपासच्या गावांतून कर्जरोखे हिसकावून जाळण्याचा सपाटाच सुरू झाला. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ पर्यंत कापसाला सोन्याचे मोल आले होते; ती तेजी ओसरली, वर फेरमोजणीने सारा चढला, आणि कर्ज मात्र जागच्या जागी वाढत राहिले. त्या माणसांचा संताप रास्तच होता. पण त्या होळीत किती नांगर आणि किती बांगड्या जळाल्या असतील! आपल्या आजोबा-आजींनी स्वतःच्या हाताने कागदावर केलेली एकुलती एक खूण बहुधा तीच होती. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला, आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दस्तऐवज गावनिबंधकासमोर लिहून घेण्याची तजवीज झाली. ज्यांचे मूळ गाव या चार जिल्ह्यांत आहे, त्यांनी त्या दस्तांचा तपास अवश्य करावा.

विसाव्या शतकातल्या फेरफार नोंदींतही ही पिढी अधूनमधून डोकावते. बाप वारला, मुले लहान; मग मुलांच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई’, म्हणजे अज्ञानांची पालनकर्ती आई, आणि तिचे नाव. नवरा जिवंत असेपर्यंत तलाठ्याच्या दप्तरात बाईला जागा नव्हती, हा त्याचा दुसरा अर्थ.

माहेर शोधणे याहून कठीण. लग्नात नाव बदललेले, सासरी ‘थोरली’ किंवा ‘धाकटी’, मुलांनी ‘बय’ म्हणून हाक मारलेली, आणि नवऱ्याने तर कधी नावाने हाकच न मारलेली. अशा बाईचे नाव टिकायचे कसे? ते टिकविले श्राद्धाने. पिंडदानाला आई, आजी, पणजी यांची नावे लागतात. आईच्या माहेरचीही लागतात. म्हणून नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतून, सरकारी दप्तरात कधीच न आलेल्या बायका नावानिशी बसलेल्या आढळतात. गुजरातेत वहीवंचे बारोट आपल्याला ठाऊक आहेतच. बेळगाव-कोल्हापूरकडे बैलावर बसून येणारे हेळवी शेतकरी कुळांच्या पिढ्या अशाच तोंडपाठ म्हणत. घरात कोणी म्हातारी आत्या असेल, तर तिला जात्यावरच्या ओव्या म्हणावयास लावाव्यात. ओवीत माहेरच्या गावाचे नाव पुष्कळदा येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कोणास रुचो न रुचो. शेतकरी समाजात विधवेचा पाट लागत असे. पेशवाईत त्यावर पाटदाम नावाची पट्टीसुद्धा होती. पुढे घरे प्रतिष्ठित झाली आणि वंशवृक्षातून पाटाच्या बायका नाहीशा झाल्या. त्यांची मुले ‘लग्नाच्या’ बायकोखाली दाखविली गेली. ही खोडाखोड ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती दुरुस्त करावी. त्या बाईने आपल्या घरचे शेत राखले आहे.

अलीकडे, २०२३ मध्ये, महाराष्ट्र सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावची जन्ममृत्यूची जुनी पुस्तके, म्हणजे कोतवाल बुके, उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. बहुतेकांनी जातीचा रकाना पाहिला आणि पान उलटले. त्याच ओळीत मेलेल्या माणसाचे वय असते, मृत्यूचे कारण असते. दुष्काळाच्या १८७६ ते १८७८ या सालांची पाने मिळाली, तर एकाच घरची दोन-तीन माणसे थोड्या दिवसांच्या अंतराने गेलेली दिसण्याचा संभव आहे. जातीच्या दाखल्यासाठी काढलेल्या नकला ज्यांच्या घरी आल्या असतील, त्यांनी त्या एकदा पुन्हा सावकाश वाचाव्यात. खानेसुमारीच्या मागे मात्र लागू नये. १८७२ पासूनचे आकडे छापलेले आहेत, पण घरोघरचे तक्ते राखलेले नाहीत.

नाशिकला जाणाऱ्यांसाठी एवढेच, की आपल्या कुळाचे उपाध्ये कोण हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून घ्यावे. तेथे पहिला प्रश्न मूळ गावाचा येतो. बडोदे सांगून भागत नाही.