रोवानपेरांचा मुलगा आणि तुळजापूरचा घाट

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतला तेरा वर्षांचा एक मुलगा मोबाईल घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसला. "काका, हे बघा की. आठ वर्षांचं लेकरू हाय." पडद्यावर बर्फाळ रस्ता होता आणि एक जुनी छोटी टोयोटा स्टारलेट आडवी घसरत वळणे घेत होती. स्टिअरिंगवर खरोखरच एक लहान मुलगा होता. आमच्या या शेजाऱ्याचे आजोबा ट्रक चालवत, वडील काळी-पिवळी जीप चालवतात आणि तो स्वतः शेतात ट्रॅक्टर चालवतो. त्यामुळे त्याचे पुढचे वाक्य ठरलेलेच होते. "आमच्या घरात तीन पिढ्या डायवर. माझ्या बी रक्तात हाय ते."

एरवी मी हसून सोडून दिले असते. पण दोन वर्षांपूर्वी याच गल्लीतला सतरा वर्षांचा एक मुलगा रात्री महामार्गावर उसाच्या ट्रॉलीला मागून धडकून गेला. त्याच्याही घरचे लोक 'गाडी त्याच्या रक्तात आहे' असे कौतुकाने सांगत असत. त्यामुळे या मुलाला काहीतरी खरे उत्तर द्यायला हवे, असे वाटले. जुने रस्ते, घाट, धर्मशाळा यांच्या नोंदी जमवणे हा माझा जुना छंद. मोटारींच्या शर्यतींतले मला काही कळत नव्हते. बारावीपर्यंतचे शिक्षण, इंग्रजी वाचण्यापुरते आणि फिनिश भाषेचा तर गंध नाही. तरीही वर्षभर निकालांचे तक्ते आणि मुलाखती वाचत बसलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

चित्रफितीतला मुलगा म्हणजे कल्ले रोवानपेरा. जन्म १ ऑक्टोबर २०००, फिनलंडमधील युवास्कुला या गावी. वडील हार्री रोवानपेरा जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेतले व्यावसायिक चालक होते. २००१ साली त्यांनी स्वीडनची रॅली जिंकली. सेआत, पूजो, मित्सुबिशी अशा मोठ्या संघांकडून ते खेळले, पण जागतिक पातळीवरचा विजय तो एकच. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण 'रक्तात आहे' म्हणणाऱ्यांना तो अडचणीचा आहे. बापाच्या वाट्याला एक विजय, मुलाच्या वाट्याला अठरा आणि दोन जगज्जेतेपदे. केवळ रक्तावर हिशेब मांडायचा तर हा जमाखर्च जुळत नाही.

रॅली म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एका रेषेवरून एकदम सुटणाऱ्या गाड्या येतात. बैलगाडा शर्यतीचे चित्र तसेच आहे. रॅलीत गाड्या एकेक करून, काही मिनिटांच्या अंतराने सुटतात आणि प्रत्येक जण घड्याळाशी स्पर्धा करतो. तीन-चार दिवसांत सुमारे तीनशे किलोमीटर अंतर वेगवेगळ्या टप्प्यांत जास्तीत जास्त वेगाने कापायचे आणि सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो जिंकला. हे टप्पे म्हणजे नेहमीचेच रस्ते. कुठे डांबरी, कुठे खडीचे, कुठे बर्फाचे. स्पर्धेपुरते ते रहदारीला बंद केलेले असतात.

चालकाशेजारी सहचालक बसतो. स्पर्धेआधी दोघे प्रत्येक टप्प्यावरून मर्यादित वेगाने दोनदा जाऊन येतात. चालक वळण पाहून सांगतो आणि सहचालक वहीत उतरवून घेतो: किती अंतरावर, डावे की उजवे, किती तीव्र, पुढे चढ आहे की उतार, कडेला दगड आहे का. प्रत्यक्ष टप्प्यात तो ही वही अखंड वाचत राहतो. चालक दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवतो असे आपल्याला वाटते. खरे तर तो ऐकलेल्या रस्त्यावर चालवत असतो, कारण टेकाडापलीकडचे वळण दिसेपर्यंत थांबले तर वेळ गेलेली असते.

इथे मला माझे वडील आठवले. ते एस.टी.त चालक होते. तुळजापूरच्या घाटात कोणत्या वळणाला दुसरा गिअर टाकायचा, कुठे पावसाळ्यात पाणी आडवे येते, हे त्यांना पाठ होते आणि मागे कंडक्टरची घंटी. एक वाजली की थांबायचे, दोन वाजल्या की निघायचे. गाडी दोघांची असते, असे ते म्हणत. वही मात्र त्यांनी कधी केली नाही. त्यांच्याबरोबर तो घाटही गेला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शर्यतीच्या घरात जन्मलेल्या मुलाला घराने नेमके काय दिले?

पहिली गोष्ट म्हणजे चुकायला जागा. तो लहानपणी चालवत होता तो बर्फ आणि ते रस्ते रहदारीपासून दूर होते. गाडी घसरली तर बर्फाच्या ढिगात जाऊन अडकायची, समोरून उसाची ट्रॉली यायची नाही. शेजारी बसणारा माणूस जागतिक पातळीवर गाडी घसरवून परत सावरणारा. घसरणे म्हणजे काय, हे या मुलाने भीती कळण्याच्या आधी शिकून घेतले. त्या देशात साधा वाहन परवाना काढतानासुद्धा निसरड्या रस्त्यावर गाडी चालवण्याचे धडे घ्यावे लागतात, म्हणजे हे ज्ञान सगळ्या समाजाचेच आहे. रोवानपेरांच्या घरी ते दहा वर्षे आधी पोचले, इतकेच.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसे. वडिलांचे जुने सहचालक रिस्तो पिएतिलाइनेन हेच मुलाच्या शेजारी बसले. वडिलांच्या कारकिर्दीमागे असलेले व्यवस्थापक टिमो योउह्की मुलाच्याही मागे उभे राहिले. ज्या गावात तो वाढला त्याच गावात १९५१ पासून फिनलंडची मोठी रॅली भरते आणि पुढे टोयोटाच्या रॅली संघाचे ठाणेही तिथेच झाले. आपल्याकडे कुस्तीचे कोल्हापूर, तसे हे रॅलीचे गाव. तालीम घराशेजारी, वस्ताद घरात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती चित्रफितीत दिसत नाही. २०१५ साली, चौदाव्या वर्षी, कल्लेने लाटव्हियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, कारण तिथल्या नियमांत ते बसत होते. रॅलीत एका टप्प्याकडून दुसऱ्या टप्प्याकडे जाताना खुल्या रस्त्यावरून, इतर वाहनांमधून, सिग्नल आणि वेगमर्यादा पाळत जावे लागते. स्पर्धेच्या गाडीला नंबरप्लेट असते ती त्यासाठीच. या मुलाकडे परवाना नव्हता. म्हणून बंद टप्प्यात तो भरधाव गाडी हाकायचा, टप्पा संपला की गाडी थांबायची आणि खुल्या रस्त्यावर पिएतिलाइनेन स्टिअरिंगवर बसायचे. दहा मिनिटांपूर्वी प्रौढ चालकांना मागे टाकणारा पोरगा मुकाट्याने बाजूच्या सीटवर. २०१६ साली, सोळाव्या वर्षी, तो लाटव्हियाचा विजेता झाला तेव्हाही परवाना नव्हता. सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर फिनलंडमध्ये विशेष परवानगीने, रीतसर परीक्षा देऊन त्याला तो मिळाला आणि त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, वेल्समध्ये तो जागतिक स्पर्धेत उतरला.

मी त्या मुलाला हा भाग सांगितला तेव्हा त्याचा विश्वास बसेना. "चॅम्पियन असून बी साइडला बसायचा?"

पुढचा प्रवास भराभर सांगण्यासारखा आहे. सहचालक योन्ने हाल्टुनेन झाला. २०१९ मध्ये स्कोडा गाडीतून दुसऱ्या श्रेणीचे जागतिक विजेतेपद. २०२० मध्ये टोयोटाच्या मुख्य संघात. जुलै २०२१ मध्ये एस्टोनियात पहिला विजय, वय २० वर्षे २९० दिवस. सर्वांत तरुण विजेत्याचा आधीचा विक्रम यारी-मात्ती लात्वाला याचा, २२ वर्षे ३१३ दिवसांचा. गंमत अशी की तोच लात्वाला त्या वेळी कल्लेच्या संघाचा प्रमुख होता. पितापुत्र दोघांनीही जागतिक रॅली जिंकल्याचे ते पहिले उदाहरण ठरले. २ ऑक्टोबर २०२२ रोजी, बाविसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, तो न्यूझीलंडमध्ये जगज्जेता झाला. आधीचा सर्वांत तरुण जगज्जेता स्कॉटलंडचा कॉलिन मॅक्‌रे, १९९५ मध्ये २७ वर्षांचा. तोही शर्यतीच्या घरातलाच. त्याचे वडील जिमी मॅक्‌रे पाच वेळा ब्रिटिश विजेते होते. २०२३ मध्ये कल्लेने जगज्जेतेपद राखले.

२०२२ च्या त्या वर्षातल्या दोन विजयांपाशी मात्र थांबायला हवे, कारण त्यांत वारशाचा भाग कमी आणि डोक्याचा जास्त आहे. क्रोएशियात, डांबरी रस्त्यावर, शेवटच्या दिवशी टायरची निवड चुकली आणि ओट टानाक पुढे गेला. शेवटचा टप्पा उरला होता. तो कल्लेने जिंकला आणि रॅली ४.३ सेकंदांनी मारली. पोर्तुगालमध्ये रस्ता खडीचा. गुणांत जो पुढे असतो त्याला पहिल्या दिवशी सर्वांत आधी सुटावे लागते. वरवर हा मान वाटतो, पण सुट्या मुरमाच्या रस्त्यावर ती शिक्षाच असते. पहिली गाडी मुरूम झाडत जाते आणि मागच्यांना घट्ट रस्ता मिळतो. आमच्याकडे नव्या मुरमाच्या रस्त्यावर पहिल्यांदा दुचाकी घालणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. असा रस्ता झाडत जाऊनही त्याने पोर्तुगालची रॅली जिंकली.

घर जे देऊ शकले नाही तेही सांगितले पाहिजे. स्वतःच्या गावची रॅली त्याला वर्षानुवर्षे हुलकावणी देत राहिली. २०२२ मध्ये दुसरा. २०२३ मध्ये आघाडीवर असताना गाडी उलटली. २०२४ मध्ये चाळीसहून अधिक सेकंदांची आघाडी होती आणि दोनच टप्पे उरले होते, तेव्हा रस्त्यावर आलेल्या एका दगडाने सगळे संपवले. लहानपणापासून ओळखीच्या असलेल्या मुलखात वहीत नसलेला एक दगड. अखेर २०२५ मध्ये तो तिथे जिंकला. आणि त्याच वर्षी, पंचविसाव्या वर्षी, रॅली सोडून सर्किटवरच्या शर्यतींकडे वळत असल्याचे त्याने जाहीर केले. २०२४ मध्येही दोन जगज्जेतेपदे खिशात असताना त्याने निम्म्याच स्पर्धा खेळल्या होत्या. लोकांना आश्चर्य वाटले. मला तितके वाटले नाही. आठव्या वर्षी कामाला लागलेला माणूस पंचविसाव्या वर्षी सतरा वर्षांची नोकरी झालेला असतो.

आपल्याकडेही अशी घराणी आहेत. मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबशी तीन पिढ्या जोडलेल्या चंढोक घराण्यातला करुण २०१० मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोचला. आपल्या महाराष्ट्रातून पुण्याचे संजय टकले डकार क्लासिकच्या वाळवंटापर्यंत गेले. म्हणजे वाट अगदीच नाही असे नव्हे. पण वाटेच्या दोन्ही कडांना काय आहे ते बघावे. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या एका टप्प्यात बंद असलेल्या रस्त्यावर मोटारसायकल आली आणि स्पर्धेतल्या गाडीच्या धडकेत एकाच कुटुंबातील तिघे गेले. टप्पा बंद असणे ही केवळ कागदावरची अट नसते. त्यावर माणसे जगतात किंवा मरतात. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. ही तरतूद मी त्या मुलाच्या वडिलांना वाचून दाखवली. जीपची नोंदणी जाईल म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. कैदेच्या उल्लेखाने तितका परिणाम झाला नव्हता.

मुलाला मात्र मी कायदा सांगितला नाही. चैत्रात आम्ही दोघे एस.टी.ने तुळजापूरला गेलो. त्याला पुढची सीट मिळवून दिली आणि हातात दोनशे पानी वही दिली. वळणाला एक ते सहा असे आकडे द्यायचे, एक म्हणजे सर्वांत तीव्र, असे ठरवले. जाताना त्याची फार धांदल उडाली. एक वळण लिहीपर्यंत पुढची दोन निघून जायची. येताना बरे जमले. आषाढात तो पुन्हा गेला, या वेळी एकटाच, आणि संध्याकाळी वही दाखवायला आला. चैत्रातल्या एका वळणाचा 'चार' खोडून त्याने 'तीन' केला होता आणि पुढे लिहिले होते: डावीकडून पाणी येतंय, खडी रस्त्यावर.