चेंडू माझ्याकडे का येईना?

एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. पाठीवर फ्रिस्बी येऊन आपटली. त्यांनी ती खेळणाऱ्या दोघांकडे परत फेकली, तर त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे टाकली! काही मिनिटं तिघांचा डाव रंगला. मग काही न बोलता त्या दोघांनी यांच्याकडे फेकणंच थांबवलं. ना ओळख, ना देख; तरी फार लागलं. हे गृहस्थ म्हणजे मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स. त्या सलातूनच त्यांचा प्रयोग जन्मला.

प्रयोग अगदीच साधा. संगणकाच्या पडद्यावर तिघांची चेंडूफेक चालते, त्यातले एक तुम्ही. उरलेले दोघं म्हणजे नुसता प्रोग्राम, पण तुम्हाला वाटतं ती कुठेतरी बसलेली खरी माणसं आहेत. सुरुवातीला चेंडू येतो, मग येतच नाही. एवढंच! पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ६२ देशांतल्या १,४८६ माणसांवरच्या अभ्यासात वगळलेली माणसं एवढ्यानं हिरमुसली. आपण यांच्यातले नाही, असं त्यांना वाटलं.

२००३ मध्ये हाच खेळ मेंदूच्या स्कॅनरमध्ये खेळवला. काय दिसलं? शरीराला इजा झाली की जो त्रास होतो, त्याच्याशी जोडलेला मेंदूचा एक भाग चेंडू न आल्यावरही जागा झाला. (हा भाग इतरही बरीच कामं करतो, हे खरं.)

बरं, समोर संगणकच आहे हे आधी सांगून टाकलं तर? तरीही लागतं! आणि समोर कू क्लक्स क्लानसारखी द्वेष पसरवणारी माणसं आहेत असं सांगितलं तर? त्यांनी वगळलेलंही लागतं!

असं का? टोळीबाहेर पडलेल्या आदिमानवाला ना शिकारीत वाटा, ना रात्री राखण. म्हणून वगळलं गेल्याची ही जाणीव राखणीच्या कुत्र्यासारखी असावी: चोर की पाहुणा हे नंतर, आधी भुंकायचं.

आणि तिला शांत करायला किती थोडं पुरतं! गल्लीतली पोरं धड धावता न येणाऱ्या धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून डावात घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो केवढा खूश! अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या आवारात तर त्याहून थोडं पुरलं. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी काहींकडे एका अनोळखी व्यक्तीनं नुसतं पाहिलं, काहींच्या जणू आरपार पाहिलं. लगेच विचारल्यावर, नजर मिळालेल्यांना एकटेपणा कमी जाणवत होता.

तेव्हा उद्या जिन्यात कुणी समोर आलं, तर मोबाईलवरची नजर उचलून त्यांच्याकडे जरूर बघा.