पाणी उपसणारं घराणं

१८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झालेला किर्लोस्कर घराण्याचा उद्योग जुलै २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेपर्यंत पोहोचला. आत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकलेले, वरून पाऊस. पाणी कसं उपसावं हे सांगायला या घराण्याच्या पंप बनवणाऱ्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे तज्ज्ञ प्रत्यक्ष गुहेपाशी होते. किर्लोस्करवाडीत चार पंप विमानाने धाडायला सज्ज होते. तेराही जण वाचले, मात्र एका माजी थाई नौसैनिकाने या मोहिमेत प्राण गमावले. आपलं खास कसब बचाव पथकाच्या हाती देणं ही देणगीच्या धनादेशाहून मोठी मदत. फुलंब्रीतल्या जिनिंगवाल्यांनो, विहीर-मोटरवाल्या दुकानदारांनो, तुम्हीही तुमच्याजवळ जे आहे ते मदतीला द्या: आगीच्या वेळी बंबाला पाणी भरू द्या आणि १०१, ११२ हे क्रमांक गल्ल्याजवळ ठळक लिहून ठेवा.