माणशी अर्धा एकर

घरात पाच माणसे असतील, तर अडीच एकराला पाणी. जमीन वीस एकर असली तरी अडीच एकरालाच. आणि जमीन अजिबात नसली, तरी पाण्यातला वाटा आहेच. पुण्यातल्या एका कारखानदाराने १९७०च्या दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावच्या माळावर हा हिशेब मांडला. त्या कारखानदाराचे नाव विलासराव साळुंखे, त्यांनी १९७४ साली उभी केलेली संस्था ग्राम गौरव प्रतिष्ठान, आणि गावोगावच्या लोकांनी ओळखलेले त्यांच्या कामाचे नाव पाणी पंचायत.

महाराष्ट्रात माती अडवणारी, पाणी जिरवणारी माणसे आणि संस्था पुष्कळ झाल्या. पाणी पंचायतीचे वेगळेपण बांध घालण्यात नव्हते. बांधामागे साठलेले पाणी नेमके कोणाचे, हा प्रश्न तिने पहिल्या दिवसापासून विचारला आणि त्याचे लेखी, मोजता येणारे उत्तर दिले. म्हणून तिचा परिचय आज पुन्हा करून घ्यायला हवा.

पुण्याहून दिवे घाट चढून गेले की पावसाची तऱ्हा बदलते. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारे ढग पुरंदर-वज्रगडाच्या रांगेपर्यंत येता येता रिकामे होतात. गराडे परिसरात उगम पावलेली कऱ्हा सासवड, जेजुरी, मोरगाव करत नीरेला मिळते, पण तिच्या दोन्ही अंगांचा मुलूख अवर्षणाचा. सासवडच्या पूर्वेला नायगावच्या बाजूला तर वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. महिनाभर दडी मारतो आणि एका दुपारी असा पडतो की माळावरची माती ओढ्याला लागते.

खाली काळा पाषाण. दख्खनच्या या खडकात पाणी मुरायला जागा थोडी. वरचा झिजलेला मुरूम आणि खालच्या खडकातल्या भेगा-सांधे, एवढेच त्याचे भांडे. माती वाहून गेली की ते भांडेही उघडे पडते. उघड्या मुरमावरचे पाणी थांबत नाही, विहिरीला पाझर लागत नाही आणि जानेवारीतच गाव टँकरची वाट पाहू लागते. माती आणि पाणी यांचे काम वेगवेगळे करता येत नाही, ते या कारणाने.

१९७२चा दुष्काळ या साऱ्यावर कळस होता. सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढलेली पिढी अजून आपल्यात आहे. दुष्काळी कामांवर एका वेळी पन्नास लाखांच्या घरात माणसे राबत होती. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेल्या रोजगार हमी योजनेने पुढे या राज्याला मोठा आधार दिला. पण त्या वर्षी रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसलेल्या माणसांत बहुतेक शेतकरी होते, आणि फोडलेल्या खडीने त्यांच्या शेतात पुढच्या वर्षी थेंबभर पाणी येणार नव्हते.

ही माणसे विलासरावांनी पाहिली. पुण्यात त्यांचा अचूक मोजमापाची उपकरणे बनवण्याचा कारखाना होता. धंदा सूक्ष्म मापांचा, शिक्षण अभियांत्रिकीचे. त्यांना पडलेला प्रश्नही अभियंत्याचाच होता. एवढे मनुष्यबळ राबते आहे, तर ते पाण्याच्या कामाला का लावू नये? दुष्काळात मदत पोचवणारे शहरी लोक पुष्कळ होते. दुष्काळ ओसरल्यावरही विलासराव पुरंदरात राहिले, आणि त्यांच्या पत्नी कल्पनाताई या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या.

नायगावच्या देवस्थानची चाळीस एकर, म्हणजे सुमारे सोळा हेक्टर पडीक जमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. उतार, खडक, कुसळी गवत. गावाच्या लेखी तिची किंमत शून्य होती. पण गणित करून पाहावे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. पाचशे मिलिमीटरच्या वर्षात सोळा हेक्टरांवर आठ कोटी लिटर पडते. माळ कोरडा दिसतो, कारण ते आठ कोटी लिटर काही तासांत निघून जाते.

काम माथ्यापासून सुरू झाले. पाणलोटाचे काम करणारा कोणीही सांगेल, माथा ते पायथा हा क्रम मोडायचा नाही. वरच्या उतारावर पाणी धावू लागण्याआधीच त्याचा वेग तोडावा लागतो. त्यासाठी समपातळीवर बांधबंदिस्ती, वर झाडे आणि गवत, ओघळींत दगडी बांध. मधल्या उतारावर जमिनीचे टप्पे. सर्वात खाली पाझर तलाव. तलावाच्या खालच्या अंगाला विहीर, आणि विहिरीतले पाणी पुन्हा उचलून वरच्या शेताला. वरचा बांध टाकला नाही, तर खालचा तलाव दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो. आज जागोजाग गाळाने भरलेले तलाव दिसतात, त्यांच्या डोक्यावरचा उतार बहुधा उघडाच असतो.

माळ पिकू लागला. पिके आली, झाडे वाढली, लोक पाहायला येऊ लागले. इथपर्यंतची गोष्ट इतर यशस्वी पाणलोटांसारखीच आहे. पाणी पंचायतीची खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

पाणी दिसू लागले की पहिला मोटार लावतो तो ज्याच्याकडे मोटारीचे पैसे आहेत तो. बांधावर घमेले उचलणारी बाई बहुधा भूमिहीन घरातली असते, आणि बांधामुळे चढलेले विहिरीचे पाणी मात्र खालच्या अंगाच्या बागायतदाराला मिळते. सार्वजनिक श्रमातून आणि पैशातून झालेले काम अशा रीतीने मूठभरांच्या खात्यावर जमा होते. विलासरावांनी आणि त्यांच्यासोबतच्या गावकऱ्यांनी यावर नियम बसवले.

पहिला नियम, योजना एकट्यादुकट्याला नाही. शेतकऱ्यांचा गट होईल तेव्हाच पाणी उचलायचे. दुसरा, वाटा जमिनीवर ठरणार नाही, माणसांवर ठरेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. तिसरा, पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर तिच्यासोबत पाणी विकले जात नाही, ते गटाकडे परत येते. चौथा, भूमिहीनालाही वाटा. तो दुसऱ्याची जमीन बटईने करून आपले पाणी तिथे वापरू शकतो. पाचवा, उसासारखी बारमाही, पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. आणि सहावा, खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा. एकूण खर्चातला निम्मा भाग सरकारी अनुदानातून आणि तीस टक्के प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जातून, अशी त्याची बांधणी होती.

हे नियम एकमेकांना धरून उभे आहेत. उसाला वर्षभरात लागणाऱ्या पाण्यात चार एकरांहून अधिक रब्बी ज्वारी निघते. एकाने ऊस लावला की चौघांचे धान्य गेले. म्हणून ऊसबंदीशिवाय माणशी वाटा टिकत नाही. जमिनीबरोबर पाणी विकता आले, तर अडचणीत सापडलेल्या घराचा वाटा दहा वर्षांत पैसेवाल्याकडे जमा होतो. म्हणून तिसऱ्या नियमाशिवाय दुसरा टिकत नाही. आणि स्वतःचा पैसा अडकला नसेल, तर मोटार जळाल्यावर लोक सरकारच्या तोंडाकडे पाहत बसतात. म्हणून पाचवा हिस्सा.

कारभारही गटाचाच. पाणी सोडणारा पाटकरी गट नेमतो, त्याचा पगार गट देतो. कोणाची पाळी कधी, किती तास, हे बैठकीत ठरते. पाऊस कमी झाला तर सगळ्यांचेच क्षेत्र कमी होते. टंचाईत कोणाला पूर्ण आणि कोणाला शून्य, असा निवाडा होत नाही. गावकीतली भांडणे, भावकीतले हेवेदावे यांच्यामधून ही पाळीपत्रके चालवावी लागत. पाझर तलाव बांधण्यापेक्षा हे काम अवघड होते, आणि पाणी पंचायतीने तेच आपले मुख्य काम मानले.

पुरंदरात एकामागून एक गावांत अशा योजना उभ्या राहिल्या. अनेक कुटुंबांना खरिपाबरोबर रब्बीचे खात्रीचे पीक मिळाले आणि पोटासाठी शहर गाठण्याची वेळ टळली. सगळ्या योजना टिकल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. उपसा विजेवर अवलंबून, आणि विजेचे बिल गटाला पेलवावे लागते. ओळीने दोन वर्षे पाऊस गेला की विहीर आटते आणि बैठका थांबतात. खोल बोअर घेण्याची ऐपत आलेला सभासद गटाबाहेर पडतो. सामूहिक शिस्त दर पिढीला नव्याने उभी करावी लागते. विलासराव २००२ साली गेले. त्यानंतर कल्पनाताईंनी आणि कार्यकर्त्यांनी प्रतिष्ठानचे काम पुढे नेले.

विचार मात्र तालुक्याबाहेर पोचला होता. सांगली जिल्ह्यात बळीराजा धरणाच्या चळवळीने समन्यायी पाणीवाटपाची मागणी लढवली, त्यात भूमिहीनांचा वाटा होता. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर आणि ऊस यांना बंदी करून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायची प्रथा पाडली. ओडिशाने तर २००२ साली कायदा करून त्याला पाणी पंचायत हेच नाव दिले. पण तिथले सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमिनीशी बांधलेले आहे. महाराष्ट्राच्या २००५ सालच्या कायद्यांनी पाणी वापर संस्थांना बळ दिले, पण तिथेही हिशेब क्षेत्राचाच. नाव आणि यंत्रणा सरकारांनी उचलली. माणशी वाट्याचे धाडस मात्र या कायद्यांनी केले नाही.

या मुलखात हा विचार उपरा नव्हता. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे खानवडी हे गाव पुरंदरातलेच. शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात त्यांनी १८८०च्या दशकात लिहून ठेवले होते की, डोंगरउतारांवरची कसदार माती पावसाने धुपून जाऊ नये आणि पाणी शेतात मुरावे यासाठी सरकारने ताली-बंधारे घालावेत, आणि त्या कामाला पोलीस व लष्करी शिपाई लावावेत. माती वाहून जाणे आणि शेतकऱ्याचे दारिद्र्य यांचा संबंध त्यांनी स्पष्ट दाखवला होता. विलासरावांचे नियम त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहेत.

आता पुणे शहराकडे वळू. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी साठा होतो. त्यावर शहर पिते, आणि त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरची शेतीही डोळे लावून असते. शहराने वापरून सोडलेले पाणी मुळा-मुठेत येते. पुरंदर उपसा सिंचन योजना हेच पाणी नदीतून उचलून डोंगरापलीकडे पुरंदरच्या शेतांना नेते. म्हणजे ज्या तालुक्याने माणशी पाणी मोजायला शिकवले, त्याच्या वाट्याला आता पुण्याचे सांडपाणी जाते. ते किती शुद्ध करून सोडायचे, हा पुणेकरांच्या नैतिकतेचा प्रश्न आहे.

शहराच्या आतही जमिनीखालचे पाणी जमिनीच्या मालकीवरच वाटले जाते. एका सोसायटीच्या बोअरला शेजारच्या वस्तीच्या पायाखालचे पाणी येते. टेकडीवर मुरलेला पाऊस दोन-तीन वॉर्डांच्या विहिरींना पुरतो, आणि टेकडी फोडली की तो सगळ्यांचाच जातो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यात आहे, भूजलाचा शास्त्रीय अभ्यास करणारी अ‍ॅक्वाडॅमसारखी संस्था पुण्यात आहे, वेताळ टेकडीसाठी रस्त्यावर उतरणारे नागरिक आहेत. ज्ञान आहे, कळकळ आहे. वाटपाचा नियम तेवढा नाही.

तो करणे अशक्य नाही. बोअरवर मीटर बसवता येतो. घरटी किती माणसे आणि माणशी किती लिटर, हे प्रत्येक सोसायटीला आपल्या वार्षिक सभेत मांडता येते. छतावरचे पाणी जिरवणाऱ्याला सवलत मिळते, तशी वाट्यापेक्षा जास्त उपसणाऱ्याला पट्टी लावता येते. टाकीचे पाणी कमी येते तेव्हा टँकर मागवण्याची ऐपत असलेल्यांनी आणि नसलेल्यांनी एकत्र बसून पाळी ठरवता येते. नायगावच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी हे कागद-पेन्सिलीने केले, आपापसांतली भांडणे मिटवत केले, आणि त्यासाठी खर्चाचा पाचवा हिस्सा स्वतःच्या फाटक्या खिशातून दिला.

दरवर्षी पावसाळ्याआधी आपण बंधाऱ्यांची, चरांची, लावलेल्या रोपांची संख्या मोजतो. ती मोजलीच पाहिजे. पण त्या यादीत आणखी एक रकाना असायला हवा : या पाण्यातला वाटा किती माणसांना मिळाला, आणि त्यांतली किती भूमिहीन होती. तो रकाना रिकामा असेल, तर पाणी अडवण्याचे काम अर्ध्यावर थांबले आहे, असेच समजावे.