तात्पुरती फौज, नव्वद वर्षांचा मुक्काम

लढाई एका दुपारची असते. तिच्यामागून येणारी छावणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पगार मागत राहते. जालना जिल्ह्यातल्या असईची लढाई शाळेत शिकवली जाते. त्या लढाईनंतर जालन्यात ठाण मांडून बसलेल्या पलटणींबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मराठी मुलखाचा नकाशा बदलण्यात त्यांच्या जोडीला उभ्या राहिलेल्या फौजेच्या पगाराचा वाटा मोठा आहे.

२३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचं सैन्य केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात उभं होतं. नदीला उतार नाही, असं वाटाड्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनानी आर्थर वेलस्ली याला सांगितलं. पण केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं त्याला दिसली. गावं अशी वसली म्हणजे जाण्यायेण्याला वाट असणारच, हे त्याने ताडलं आणि उतार सापडला. शिंद्यांच्या तोफा शेवटपर्यंत धडधडत राहिल्या. कंपनीचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. त्यांत स्कॉटिश गोरे होते, तसेच मद्रासी पलटणींचे शिपाईही होते.

युद्ध संपलं तरी फौज हटली नाही. हैदराबादच्या निजामाकडे कंपनीने ठेवलेल्या तैनाती फौजेचा मोठा तळ सिकंदराबादेत, तर उत्तरेकडचं ठाणं जालन्यात. इथून वऱ्हाड, खानदेश आणि नागपूर, तिन्ही आवाक्यात. १८१७ च्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांवर जी फौज चालून गेली, ती कंपनीचा सेनानी डव्हटन याच्या हाताखालची हीच तैनाती फौज. कुंडलिकेकाठच्या या गावाजवळ १८२७ मध्ये रीतसर छावणी बांधली गेली. मद्रासी पलटणी बायकापोरांसह पायी येत, काही वर्षं राहत आणि दुसरी पलटण आली की मुक्काम हलवत.

तैनाती फौज कंपनीची होती. तिच्या जोडीला उभं राहिलं हैदराबाद कंटिंजंट: पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज. कंपनीशी झालेल्या १८०० च्या तहात निजामाने एवढंच कबूल केलं होतं की युद्ध पेटलं तर आपलं ६,००० पायदळ आणि ९,००० स्वार मदतीला देऊ. म्हणजे गरजेपुरती, लढाईपुरती फौज. पण १८१३ मध्ये हैदराबादेतला कंपनीचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या खर्चाने कवायती पलटणी उभारल्या आणि शांततेच्या काळातही त्या कायम राहिल्या. ही फौज शांततेत पोसण्याचं बंधन तहात नाही, हे पुढे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीने मान्य केलं. पण ती मोडून टाकली नाही.

शिपायाचा पगार थांबवता येत नाही. खजिन्यात पैसा नसला की निजाम सरकार सावकारांकडे जाई आणि वऱ्हाडचा वसूल त्यांच्याकडे गहाण पडे. पेस्तनजी मेहेरजींसारख्या पारशी पेढीवाल्यांचा दबदबा एवढा, की औरंगाबादेत पाडलेलं नाणं ‘पेस्तनशाही’ म्हणून चाललं. थकबाकी साचत गेली आणि २१ मे १८५३ च्या तहाने कंपनीने तिची किंमत वसूल केली. किमान ५,००० पायदळ, २,००० स्वार आणि चार तोफखाने यांच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले; वऱ्हाड मिळालं नाही.

याचा अर्थ जालन्यात उभं राहिलं की नीट कळतो. जिजाऊंचं माहेर सिंदखेड राजा इथून अवघ्या तीसेक किलोमीटरवर. दोन्हीकडे बोली सारखी, सोयरीकही दोन्हीकडची. तरी जालना निजामाच्या अमलात राहिलं आणि सिंदखेड इंग्रजांच्या. तिकडे वऱ्हाडात मराठी शाळा, कचेऱ्या आणि पुढे रेल्वेही लवकर आली. इकडे राज्यकारभार आधी फारसीत, मग उर्दूत. विदर्भातलं वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या वाटा ज्या वेगळ्या झाल्या, त्यामागे हा पगाराचा हिशेब होता.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं. १९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी जालन्याची छावणी उठली. कंटिंजंटच्या पायदळाची परंपरा चालवणारी रेजिमेंट १९४५ मध्ये कुमाऊं रेजिमेंट झाली. काश्मीरमध्ये बडगामला ३ नोव्हेंबर १९४७ रोजी धारातीर्थी पडलेले, पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा ज्या ४ कुमाऊंचे, तिचा वारसाही याच फौजेपर्यंत पोचतो.

शिपाई कोणत्याही पलटणीचा असो, त्याने आपली चाकरी इमानाने केली. दोष त्याच्याकडे जात नाही. दोष त्या व्यवस्थेचा, जिने लढाईपुरती मागितलेली फौज नव्वद वर्षं दुसऱ्याच्या खर्चाने पोसली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड आणि मराठवाडा पुन्हा एका राज्यात आले, पण मधल्या शतकाची दरी एका दिवसात बुजणारी नव्हती. म्हणून असईच्या रणभूमीइतकाच १८५३ चा तहही जालन्याच्या मुलांना शिकवायला हवा.