रात्रीची साखर

भाईंदर पश्चिमेला स्टेशनजवळ माझं चष्म्याचं दुकान. मासळी संपली की उत्तनची मावशी रिकामी पाटी बाकाखाली सरकवते. "भाऊ, नंबर बघ परत. हा चष्मा चालत नाय."

महिन्याभरात ही तिसरी खेप. मी काच बदलली नाही. रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंगही फुगतं-आकसतं, नंबर फसवा येतो. दुकानदार म्हणून माझं नुकसानच. पण मावशीकडून मी फुकटात सुकट घेत आलोय, तिला टोपी कशी घालणार?

"शुगर किती?"

"सकाळी उपाशीपोटी 190. रात्रीचा भात सोडला, तरी! रात्री कोण साखर घालतं रे माझ्या रक्तात?"

तिचंच शरीर. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. गाढ झोपेत ती ग्रोथ हार्मोन सोडते. पोरांची उंची त्यानं वाढते, पण वाढ संपल्यावरही ते पाझरत राहतं. ते इन्सुलिनच्या कामात खोडा घालतं, यकृत साखर सोडत राहतं आणि पहाटेची शुगर चढते.

डोळ्याचं दुखणं याच्या पुढचं. साखरेनं पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, बुजतात. उपाशी पडदा नव्या वाहिन्या फुटवतो. त्या इतक्या नाजूक की फुटल्या तर डोळ्यात रक्त. या फुटव्यांना खत घालणाऱ्यांत ग्रोथ हार्मोनही आहे, असा संशय येण्यामागे एक विलक्षण केस आहे. पोल्सेन या डॅनिश डॉक्टरांनी ती 1953 साली छापली. मधुमेहानं पडदा बिघडलेली एक बाई. बाळंतपणात तिची पीयूषिका निकामी झाली आणि पडद्यावरचे डाग ओसरू लागले!

मग डॉक्टरांनी डोळे वाचवायला चक्क ती ग्रंथीच काढायला सुरुवात केली. काहींची नजर टिकली, पण बदल्यात जन्मभर हार्मोनच्या गोळ्या आणि साखर एकदम खाली कोसळण्याची भीती. ऐकून आजही अंगावर काटा येतो. पुढे लेझर आलं. 1976 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्याचा गुण दिसला आणि पीयूषिकेची सुटका झाली. ग्रोथ हार्मोन रोखणारी औषधंही आजमावून झाली, पण पडद्याच्या उपचारात त्यांचा जम बसला नाही. आता डोळ्यात देतात ती इंजेक्शनं वेगळी. फुटव्यांना चिथावणाऱ्या दुसऱ्याच एका प्रथिनाला ती आवरतात.

मावशीला एवढंच सांगितलं, "थेंब टाकून पडदा तपासून घे. चष्मा नंतर."

"थेंबानं दिसत नाय म्हणतात. धंदा?"

"एक दिवस दुसरं कुणी बसेल."

गुरुवारी दुपारी सुनेचा हात धरून आली. बाहुल्या टपोऱ्या, उन्हानं डोळ्यांना धार. पडद्यावर गळती सापडली होती, लेझरची तारीख मिळाली होती. रिक्षाचे पैसे काढताना तिनं नोट माझ्या नाकाशी धरली.

"ही वीसची का दोनशेची, भाऊ?"