शिफारशी विकत घेऊन दुकान वर येते काय?

कापड बाजारात एखादा नवा माणूस पेढीवर येऊन उधारीवर माल मागू लागला की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, "कोणाच्या ओळखीने आलात?" त्याने बाजारातील एखाद्या जुन्या, चोख व्यवहाराच्या पेढीचे नाव घेतले तर चहा येतो आणि बोलणे पुढे सरकते. ज्याचे स्वतःचेच देणे थकलेले आहे अशा माणसाचे नाव घेतले तर चहा येतो, माल मात्र निघत नाही. शिफारस तीच, शब्दही तेच, परंतु वजन वेगळे. इंटरनेटवर गूगलमध्ये कोणाचे दुकान पहिल्या पानावर दिसावे आणि कोणाचे आठव्या पानावर, हे ठरविताना इतर बाबींबरोबर हाच हिशेब गेली पंचवीसहून अधिक वर्षे मांडला जात आहे. आमच्या अनेक व्यापारी बांधवांना हे ठाऊक नाही आणि ठाऊक नसल्यामुळे त्यांच्या खिशातून पैसे जात आहेत. आमच्याही खिशातून गेले, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आमच्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी पेढीची वेबसाइट तयार करून घेतली. कोरे केंब्रिक, पॉपलिन, त्यांचा पन्ना, काउंट, रीड-पिक, सर्व माहिती व्यवस्थित दिली. तरीही गूगलमध्ये शोधले तर आमचे नाव कोठेच दिसेना. तेवढ्यात एका एजंटाचा फोन आला. आठ हजार रुपयांत पाचशे वेबसाइटवर तुमच्या लिंका लावून देतो, तीन महिन्यांत पहिल्या पानावर याल, असे त्याने सांगितले. भाचा म्हणाला, "मामू, आधी यादी मागू या." आम्ही म्हणालो, आठ हजाराचा तर प्रश्न आहे, देऊन टाक. पस्तीस वर्षे धंदा केलेल्या माणसाने नमुना न पाहता माल उचलला, ही आमची चूक.

आता लिंक म्हणजे काय? उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्या माणसाला 'रब्त' म्हटले की अर्थ चटकन कळतो. एका वेबसाइटच्या पानावर असलेल्या ज्या शब्दांवर बोट ठेवले असता दुसरी वेबसाइट उघडते, ती लिंक. पान लिहिणारा जणू सांगत असतो की, या विषयाची अधिक माहिती हवी असेल तर तिकडे जा. म्हणजेच ती शिफारस झाली.

१९९५ च्या सुमारास अल्टाव्हिस्टासारखी शोधयंत्रे होती. त्या काळातील यंत्रांचा मुख्य भर पानावर कोणता शब्द किती वेळा व कोठे आला आहे यावर असे. साहजिकच लबाडी सुरू झाली. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शंभर वेळा लिहून ठेवायचा. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतो. दुकानदाराने स्वतःच्या मालाची स्तुती स्वतःच करावी आणि बाजाराने ती मान्य करावी, असा तो प्रकार होता.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये वेगळा विचार केला. पान स्वतःबद्दल काय म्हणते यापेक्षा इतर पाने त्याच्याकडे किती बोट दाखवितात हे मोजावे. ही कल्पना अगदीच नवी नव्हती. कोणत्या शास्त्रज्ञाच्या निबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांत झाला याची सूची युजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली होती. पेज आणि ब्रिन यांनी हीच मोजणी इंटरनेटला लावली व तिला पेजच्या आडनावावरून 'पेजरँक' हे नाव दिले. सप्टेंबर १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन झाली. या सूत्राचे पेटंट विद्यापीठाच्या नावे होते. त्याच्या परवान्यापोटी विद्यापीठाला कंपनीचे शेअर मिळाले आणि ते पुढे सुमारे ३३.६ कोटी डॉलरला विकले गेले. विद्यार्थ्यांच्या वहीतील एका हिशेबाची ही किंमत!

हिशेब समजून घेण्यासारखा आहे. येथे नुसत्या लिंका मोजल्या जात नाहीत, लिंक देणाऱ्याची स्वतःची पत किती हे पाहिले जाते. ती पत त्याला लिंक देणाऱ्यांवरून ठरते, त्यांची पुन्हा आणखी दुसऱ्यांवरून, आणि आकडे स्थिर होईपर्यंत यंत्र ही बेरीज पुन्हा पुन्हा करीत राहते. दुसरी गोष्ट अशी की, शिफारस वाटली की ती विभागली जाते. मूळ सूत्रात १०० वजनाच्या पानाकडून साधारण ८५ भाग पुढे जात. त्या पानाने पाच जणांना लिंक दिली असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला १७. पाचशे जणांना दिली असेल तर प्रत्येकाला १७ शतांश. जो दलाल दिसेल त्याला "आपलाच माणूस आहे" म्हणतो, त्याच्या शब्दावर आपण तरी कितीसा एतबार ठेवतो? आणखी एक बाब म्हणजे लिंकेतील शब्द. "केंब्रिक कापड" या शब्दांवर लिंक असेल तर समोरचे पान केंब्रिक कापडाविषयी आहे असा अंदाज यंत्र बांधते. हा सर्व १९९८ चा कच्चा आराखडा झाला. पुढे त्यात अनेक मापे मिळविली गेली, परंतु मूळ कल्पना हीच आहे.

जेथे शिफारशीला भाव आला तेथे शिफारशीचा बाजारही भरणारच. या बाजाराचे सर्वांत गाजलेले प्रकरण योगायोगाने आमच्याच धंद्यातील, म्हणजे कपड्यांच्या दुकानाचे आहे. जेम्स कॅश पेनी या गृहस्थाने १९०२ मध्ये अमेरिकेतील वायोमिंग राज्यात केमरर या गावी कपड्यांचे दुकान काढले. दुकानाचे नाव होते 'गोल्डन रूल', म्हणजे आपल्याशी लोकांनी जसे वागावे असे वाटते तसे आपण लोकांशी वागावे. त्यातून जे. सी. पेनी ही कंपनी उभी राहिली. २०११ पर्यंत तिची अकराशेहून अधिक दुकाने झाली होती.

२०१० च्या नाताळच्या हंगामात गूगलमध्ये 'ड्रेसेस' शोधा, पेनी पहिली. चादरी-अभ्रे शोधा, पेनी पहिली. गालिचे शोधा, तरीही पेनीच. काही शब्दांसाठी तर माल बनविणाऱ्या मूळ कंपनीच्याही वर पेनीचे नाव येत होते. 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकाला शंका आली व त्याने एका जाणकाराकडून तपास करविला. दोन हजारांहून अधिक पानांवर पेनीच्या लिंका लावलेल्या सापडल्या. आणि त्या कोठे? अणुअभियांत्रिकीच्या पानावर, बल्गेरियातील जमीनजुमल्याच्या पानावर, कुत्र्यांच्या, घोरण्याच्या, दंतवैद्यांच्या, न्हाणीघराच्या फरशांच्या पानांवर! घोरण्याविषयी वाचणाऱ्या माणसाला संध्याकाळी घालावयाच्या झग्याची शिफारस कोणी कशासाठी करील? ज्याने पैसे घेतले तोच करील.

दैनिकाने पुरावा गूगलसमोर ठेवला. गूगलने कारवाई केली ती इतकी झटपट की वाचून आम्ही थक्क झालो. फेब्रुवारी २०११ मधील एका बुधवारी सायंकाळी ७ वाजता 'दिवाणखान्याचे फर्निचर' यासाठी पेनी पहिल्या क्रमांकावर होती, ९ वाजता ६८ व्या. प्रवासी बॅगेच्या एका शोधात ती पहिल्या क्रमांकावरून ७१ व्या क्रमांकावर गेली. दैनिकाने तपासलेल्या ५९ शब्दांत तिचा सरासरी क्रमांक १ फेब्रुवारीला १.३ होता, १० फेब्रुवारीला तो ५२ झाला. आपल्याला या लिंकांची माहितीच नव्हती असे कंपनीने सांगितले आणि हे काम पाहणाऱ्या सल्लागार संस्थेला काढून टाकले. सुमारे तीन महिन्यांनी पेनीचे क्रमांक परत आले.

येथे एक गोष्ट नजरेआड करू नये. शिक्षा फेब्रुवारीत झाली, नाताळचा धंदा त्यापूर्वीच होऊन गेला होता. ईदची विक्री आटोपल्यावर दुकानाला टाळे लावण्यासारखेच हे झाले. शिवाय पेनीजवळ अकराशे दुकाने होती. गूगलवरून गिऱ्हाईक आले नाही तरी दारातून येत होते. ज्याचे एकच दुकान आहे आणि जो नव्या गिऱ्हाइकासाठी या यंत्राकडेच डोळे लावून बसला आहे, त्याला तीन महिने नाव गायब होणे परवडेल काय? मोठ्याने पकडले जाणे आणि लहानाने पकडले जाणे यांत फार फरक आहे. त्याच महिन्यात ओव्हरस्टॉक या आणखी एका अमेरिकी विक्रेत्यालाही असाच फटका बसला. तिने विद्यार्थी व प्राध्यापकांना १० टक्के सूट देऊ केली होती, अट एवढीच की विद्यापीठांच्या वेबसाइटवर तिच्या लिंका लागाव्यात. विद्यापीठाच्या शब्दाला वजन असते, हे तिने बरोबर हेरले होते!

यानंतर गूगलने हिशेबच बदलला. २४ एप्रिल २०१२ रोजी 'पेंग्विन' नावाचा बदल लागू झाला आणि विकतच्या व बनावट लिंकांवर उभी असलेली असंख्य दुकाने एका रात्रीत खाली घसरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये "या लिंका आमच्या समजू नका" असे कळविण्याची सोयही करून देण्यात आली. पैसे देऊन जाहिरात करण्यास मनाई नाही. परंतु ती लिंक पैशाची आहे अशी खूण तिच्यावर करावी लागते. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विनचे धोरण थोडे निराळे आहे. अशा लिंकांबद्दल दुकानाला खाली ढकलण्यापेक्षा त्या लिंका हिशेबातच न धरणे, याकडे त्याचा कल आहे. उघड व मोठी लबाडी आढळल्यास माणसांकरवी होणारी कारवाई आजही आहेच.

आमच्या आठ हजारांचे काय झाले हे वाचकांना आता सांगावयास नको. तीन महिन्यांनी भाच्याने यादी काढली. जुगाराची पाने, औषधांची पाने, कोणत्या भाषेत आहेत हेही न कळणारी पाने. एकेका पानावर शेकडो लिंका, त्यांत आमची एक. आम्हाला शिक्षा झाली नाही; यंत्राने आमच्या पाचशे शिफारशी वाचल्या आणि बाजूला ठेवल्या असाव्यात. आम्ही होतो तेथेच राहिलो. एजंटाने फोन घेणे बंद केले.

मग लहान व्यापाऱ्याने करावे तरी काय? प्रथम हे समजून घ्यावे की आज लिंक ही एकच गोष्ट नाही. २०२३ मध्ये गूगलच्याच एका अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितले की लिंका आता पहिल्या तीन बाबींत मोडत नाहीत. पानावरील माहिती शोधणाऱ्याच्या कामाची आहे की नाही याला अधिक महत्त्व आले आहे. ज्याचे गिऱ्हाईक आसपासचे आहे त्याच्यासाठी नकाशावरील नोंद महत्त्वाची. तेथे गूगल तीन गोष्टी पाहते: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी, या प्रसिद्धीत इतर वेबसाइटवरील लिंकाही येतात. नकाशावरील नोंदीस पैसे पडत नाहीत. तरीही आमच्या बाजारात कित्येक पेढ्यांचा तेथील पत्ता चुकीचा आहे.

लिंक मागावयाची तर ज्यांच्याशी खरा व्यवहार आहे त्यांच्याकडेच मागावी. आमचे कापड घेऊन शर्ट शिवणारा कारखानदार आपल्या पानावर "कापड येथून घेतो" असे लिहू शकतो. व्यापारी संघटनेच्या सभासद यादीत नावासोबत लिंक लावून घेता येते. पाच-सहाच होतील, परंतु त्या बाजारात विचारल्यास खऱ्या ठरतील.

दुसरा मार्ग भाच्याने शोधला. त्याने आमच्या वेबसाइटवर कापडाचे वजन काढण्याची रीत लिहिली. ताण्याच्या एका इंचातील धाग्यांना ताण्याच्या काउंटने भागावे, बाण्याचे तसेच करावे, दोन्हींची बेरीज करून २३.२५ ने गुणावे. ९२ बाय ८८, ६० बाय ६० काउंटचे केंब्रिक घेतले तर धाग्याची वळ सोडून चौरस मीटरला सुमारे ७० ग्रॅम येते. आमच्या बाजारात हे लहान पोरालाही ठाऊक असते, म्हणून लिहिण्यासारखे आहे असे आम्हाला कधी वाटले नाही. पण शिलाई शिकविणाऱ्या एका केंद्राला ते उपयोगी वाटले आणि त्याने आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्या पानाची लिंक दिली. आम्ही मागितली नव्हती. तेथून येऊन पाहणाऱ्यांपैकी दोघांनी आतापर्यंत नमुने मागविले आहेत. एकाचा सौदा झाला, लहानसा, चार ताक्यांचा.

मागील महिन्यात दुसऱ्या एका एजंटाचा फोन आला. या वेळी हजार लिंका, भाव सहा हजार. भाच्याने विचारले, कोणत्या पानांवर लावणार त्याची यादी आधी पाठवाल का, आणि त्यांतील किती पाने कापडाविषयी आहेत? यादी रात्रीपर्यंत पाठवितो असे तो म्हणाला. ती अद्याप आलेली नाही.